कोंडाबाईची कातर

कोंडाबाईच्या खोल्यांत आम्ही जितके जण राहून गेलो, त्यांत तिचा मार न खाल्लेला मी एकटाच. हे मी मिरवायला सांगत नाही. जुनी मंडळी अजूनही कधी भेटली की आपापल्या वाट्याच्या फटक्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. कुणाला काठी, कुणाला वहाण, कुणाला नुसती थप्पड. हसून हसून पुरेवाट होते. मग कुणीतरी मला विचारतं, "तुला कशानं हाणलं होतं रे?" आणि मी विषय बदलतो.

हिंजवडीहून कासारसाईकडे जाणाऱ्या रस्त्याला, कंपन्यांच्या काचा संपतात तिथून थोडं पुढे तिचं घर होतं. बहुतेक जमीन कंपन्यांखाली गेलेली. उरलेल्या पट्टीवर पुढच्या बाजूला ती, मुलगा दत्ता आणि सून रंजना राहायचे. शेजारी दुमजली दहा खोल्या, आमच्यासारख्या बाहेरगावच्या नोकरदार पोरांसाठी. आणि मागे, जाळीच्या कुंपणात, मेंढरं. आजूबाजूच्या घरांनी मेंढरं केव्हाच विकून टाकली होती. कोंडाबाई मात्र रोज सकाळी आपला कळप कंपन्यांच्या गेटांसमोरून पलीकडच्या माळावर चारायला न्यायची. गाडीवाले हॉर्न वाजवायचे. वाजवणाऱ्याच्या बॉनेटवर काठी बसायची, मग आत मॅनेजर असो नाहीतर आणखी कुणी.

उंचीला बेताची, पण हाडापेरानं दणकट. कासोट्याचं लुगडं, पायात पुरुषी जाड वहाणा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत्ताच कुणीतरी तिची वाट अडवली आहे.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माणसाला वहाणेनं बडवत होती. तो डिश अँटेना बसवायला आला होता आणि तिला न विचारता त्यानं कुंपणालगतच्या भिंतीत ड्रिल मशीन घातलं होतं. मेंढरं बुजली, एकमेकांवर पडली, एक कोकरू चेंगरून मेलं. त्या माणसाच्या नाकातून रक्त येत होतं. हातातलं मशीन अजून गुरगुरत होतं. आणि कोंडाबाई अजिबात घाई न करता त्याच्या एकाच गालावर वहाण मारत होती. मी आणि माझा मित्र नीलेश खोली बघायला आलो होतो. आमची पाचावर धारण बसली. आम्ही आल्या पावली परत फिरायच्या बेतात होतो.

"थांबा," ती मागे न बघता म्हणाली. आणखी दोन हाणून तिनं त्याला सोडलं, वहाण पायात घातली आणि आमच्याकडे वळली. "कुटलं गाव?"

"परभणी," मी म्हणालो.

"आन ह्यो?"

"अकोला."

"परभणी, अकोला. वरची कोपऱ्यातली खोली हाय. आवाज करायचा न्हाई. मला माजी मेंढरं ऐकू आली पायजेत."

झालं. आमची नावं तिथंच संपली. तिच्याकडे कुणालाच नाव नव्हतं. खालच्या खोलीतला नांदेड, त्याच्या शेजारचा जळगाव. एकाच गावचा दुसरा आला तर ती त्याला खोलीच द्यायची नाही, म्हणायची, "हाकारताना घोळ हुतो."

आम्ही सामान आणायला निघालो तेव्हा तो डिशवाला पायरीवर बसून चहा पीत होता. रंजनानं त्याच्या नाकाला ओलं फडकं लावलं होतं. मी बघतच राहिलो, तर कोंडाबाई म्हणाली, "शिकंल अजून. पोरगं बरं हाय. ज्यो शिकणार न्हाई त्येला म्या हात लावत न्हाई."

हे वाक्य तेव्हा मला गमतीचं वाटलं होतं.

नीलेशनं, म्हणजे अकोल्यानं, पहिल्याच महिन्यात लाडात येऊन तिला 'मावशी' म्हटलं आणि कानाखाली खाल्ली. "माजी भन कवा बगितलीस रं तू?" त्यानंतर तोंडावर आम्ही तिला काहीच म्हणायचो नाही. गरजच पडायची नाही. बोलायची ती, ऐकायचो आम्ही.

आवाजाचा तिचा नियम हा काही म्हाताऱ्या माणसाचा हट्ट नव्हता, हे मला हळूहळू कळलं. संध्याकाळी ती पायरीवर डोळे मिटून बसायची. आम्हाला वाटायचं, डुलकी लागली. मध्येच म्हणायची, "रंजे, ती पांढऱ्या कपाळाची खोकतीया, बग जरा." रंजना कुंपणात जाऊन बघायची, आणि खोकणारी तीच असायची. कोणतं जनावर तहानलंय, कोणतं विणार आहे, रस्त्यावरून कुत्रं फिरकलंय का, सगळं तिला त्या पायरीवर बसून ऐकू यायचं. डोळ्यांचं काम ती कानांनी करायची.

तिच्या दाराच्या चौकटीला खिळ्यावर एक कातर टांगलेली असे. लोकर कातरायची, एकच लोखंडी पट्टी वाकवून केलेली, वापरून वापरून पात्यांना आरशासारखी लकाकी आलेली. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लोकर तर ती त्या कातरीनं कातरायचीच, पण नव्या कोकरांच्या कानांना खुणाही तिनंच करायची. एका रविवारी तिनं मला मुद्दाम बोलावलं. "ये परभणी, कंपुटरवाल्या, हे बग."

मागचा पाय धरून एक हिसका, जनावर कुशीवर. गुडघा मानेवर. पायांना दोरीचे दोन वेढे. कान बोटांत ताणून धरायचा आणि कच्. मग राखेत कालवलेली हळद. एवढ्याला तिला मोजून एक मिनिट लागायचं नाही. कोकरापासून भल्या मोठ्या एडक्यापर्यंत सगळ्यांना तिची हीच रीत. मी तोंड फिरवलं आणि ती खदखदून हसली.

"त्यांना दुखत नाही?" मी विचारलं.

"दुकतं की. त्याबिगर ध्यानात कसं ऱ्हाईल?"

डाव्या कानाला दोन खाचा, ती तिची मेंढरं. उजव्या कानाला एक खाच, ती रंजनाची. रंजना लग्न होऊन आली तेव्हा बापानं तिला आठ मेंढ्या दिल्या होत्या. त्या आठांची पैदास वाढत बावीसवर गेली होती. माहेरच्या मेंढराची पिल्लं सुनेची, त्यांची लोकर सुनेची, आणि तिला विचारल्याशिवाय त्यांच्या गळ्यातल्या दोरीला सासरच्या माणसानं हात लावायचा नाही. त्यांच्यातली ही रीत. मला रंजना तशी अबोल वाटायची. पण उजव्या कानाची एखादी मेंढी व्याली की ती वर येऊन आम्हाला खरवस द्यायची आणि सांगायची, "माजी हाय ही." त्या एका वाक्यापुरता तिचा आवाज चढायचा.

एरवी त्या घरात चढा आवाज दत्ताचा. अंगानं आडदांड, मनानं हलका. कंपनीची क्याब चालवायचा. त्याचा हात रंजनावर उठतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. उठलेला हात दुसऱ्यांदा खाली यायच्या आत कोंडाबाईची काठी त्याच्या पाठीत बसायची. एकदा तर तिनं त्याला अंगणभर पळवून पळवून मारलं होतं, तीस वर्षांच्या बाप्याला, भर दुपारी, आम्ही सगळे कठड्यावरून बघत असताना. रंजनाची सगळी मदार त्या काठीवर होती. आणि काठीची मदार कोंडाबाईच्या कानांवर.

मग मंदी आली.

२००८ च्या दिवाळीच्या सुमाराला ती आमच्या कंपनीत शिरली. आधी कॉफीबरोबरची बिस्किटं गेली. मग रात्रपाळीच्या क्याब गेल्या. मग एकेकाला छोट्या खोलीत बोलावून घ्यायला लागले, आणि तिथून बाहेर येणारा माणूस आपल्या टेबलावरचा गणपती तेवढा खिशात घालून निघून जायचा. आणि नेमक्या याच दिवसांत कोंडाबाईच्या जिन्यावरून खोकी वर चढायला लागली.

आज विचार केला तर हसू येतं, आणि हसूच नुसतं येत नाही. नोकरी राहते की जाते याचा भरवसा नाही, आणि आम्ही टीव्ही घेत होतो. कारणं प्रत्येकाकडे तयार होती. मल्टिप्लेक्स बंद केलंय, त्यापेक्षा हे बरं. हॉटेलात जात नाही, मग घरात काहीतरी नको? दुकानदार घायकुतीला आलेत, पुन्हा एवढं स्वस्त मिळायचं नाही. आणि सर्वांत खरं कारण, जे कुणी बोलायचं नाही: नोकरी गेल्यावर घेता येणार नाही, म्हणून जायच्या आत घेऊन ठेवा. नांदेडनं पाच स्पीकरांचं होम थिएटर आणलं. जळगावनं व्हिडिओ गेमचा डबा आणला आणि दिवसरात्र पडद्यावरची माणसं मारत बसला. आम्ही दोघांनी बत्तीस इंची एलसीडी घेतला. तो भिंतीवर चढून तिसऱ्या आठवड्यात नीलेशची नोकरी गेली. टीव्ही राहिला.

कोंडाबाई बघायला आली. बाजारातलं जनावर पारखावं तसा तिनं त्याच्या कडेवरून, पाठीवरून हात फिरवला. मग काठीनं नीलेशकडे दाखवून म्हणाली, "काम गेलं न्हवं ह्येचं?"

"हो."

"आन हे आणलंय."

मी समजवायला लागलो. आधीच घेतला होता, आता बाहेरचा खर्च वाचतो, वगैरे. तिनं मला मध्ये न तोडता बोलू दिलं, हेच नवल. मग ती उंबऱ्यात टेकली.

"लई मोटा दुष्काळ पडला व्हता तवाचं सांगते. माज्या दादल्यानं माजी माहेरची सात मेंढरं इकली आन रेडू आणला. पाणी न्हाई, चारा न्हाई, आन घरात रेडू! वाईट वकताला माणसाला बाजा लागतो बग, परभणी. प्वाट रिकामं असलं की कानात कायतरी भरावं वाटतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? पंदरा दीस रडले. मग मीबी जवळ बसून ऐकाया लागले. ग्वाड लागायची गानी." ती उठली. "रेडू अजून हाय पेटीत. मेंढरं न्हाईत."

जाताना तिनं आवाजाची ताकीद पुन्हा दिली. आम्ही माना डोलावल्या.

पंधरा दिवसांत त्या मानांचं काय झालं ते सांगतो. रविवार होता, क्रिकेटचा सामना होता. दहाच्या दहा खोल्यांत टीव्ही, आणि नांदेडच्या स्पीकरांमुळे सगळी इमारत मैदानात असल्यासारखी गर्जत होती. भर दुपारी तीन-चार भटकी कुत्री जाळीखालून माती उकरून कुंपणात शिरली. मेंढरं ओरडली असणार. कोंडाबाई पन्नास पावलांवर भाकरी थापत होती. तिला काही ऐकू आलं नाही. पाणी दाखवायला मागे गेली तेव्हा तिला तीन कोकरं फाडलेली दिसली.

ती नांदेडच्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या उजव्या हातात कुऱ्हाड होती आणि डाव्या हातात तीन कोकरांचे मागचे पाय. कोकरं तिनं त्याच्या पलंगावर, पांढऱ्या चादरीवर टाकली. पहिल्या घावात मोठा स्पीकर उभा चिरला, दुसऱ्यात छोटा भिंतीवरून उडाला. तिसरा घाव नांदेडच्या डोक्याच्या वीतभर बाजूला दारात रुतला. मग तिनं कुऱ्हाड उलटी केली आणि दांड्यानं त्याला असा झोडपला की तो आठवडाभर पालथा झोपत होता.

"तुमच्या ह्या पेट्यांपायी मला माज्या घरातलं वरडणं ऐकू येत न्हाई!" ती जिन्यातून ओरडत उतरली. तिचे डोळे लाल झाले होते. रागानं, असं मी तेव्हा समजलो.

आठ दिवस इमारत चिडीचूप होती. नवव्या दिवशी कुणीतरी आवाज एक घर वाढवला, मग शेजाऱ्यानं दोन. आमचंही तेच. दिवसभर घरात बसलेल्या माणसांना शांतता सोसत नाही.

दत्ताची क्याबही आता दारात उभी होती. कंपनीनं ठेका निम्म्यावर आणला, त्यात त्याची गाडी गेली. तो आमच्या खोलीत येऊन तासन्‌तास टीव्ही बघायचा आणि मध्येच म्हणायचा, "घरमालक आमी, आन टीव्ही तुमच्याकडं. काय इज्जत हाय का?" एके दिवशी मला घेऊन दुकानात गेला. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच धबधबा. त्यानं विचारलं, "परभणी, तू शिकलेला हायेस. कुटला घिऊ?" मीही मोठेपणात म्हणालो, "घ्यायचाच तर बेचाळीस इंची घे." पैसे कुठून आणणार हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे मला तिथं, त्या दुकानात उभा असतानाच कळत होतं.

पुढच्या आठवड्यात कोंडाबाईचा भाऊ मुळशीकडच्या माले गावात वारला. ती दहाव्याला दोन दिवसांसाठी गेली. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मागे टेम्पो लागला. कंपनीनं आम्हाला सक्तीची रजा दिली होती, त्यामुळे मी घरीच होतो. मी आणि नीलेश जुन्या सामन्याचं पुनर्प्रक्षेपण बघत होतो. आधी रंजनाचा नुसता बोलण्याचा आवाज आला. मग ओरडण्याचा.

"माजी हायती ती! माज्या बापानं दिल्याती! आत्याबाईस्नी येऊ द्या!"

मग लाकूड कशावर तरी आपटावं तसा आवाज. आणि त्यानंतरची तिची किंकाळी. ती मी वर्णन करणार नाही.

नीलेशनं माझ्याकडे बघितलं. रिमोट माझ्या हातात होता. खाली जायला वीस पायऱ्या होत्या. मी आवाज वाढवला. पडद्याच्या तळाला हिरव्या रेघा एकेक करून वाढत गेल्या, आणि मी त्या रेघांकडे बघत बसलो. आवाज वाढवणारा मी एकटा नव्हतो. खालून, बाजूनं, सगळ्याच खोल्यांतून प्रेक्षकांची गर्दी ओरडायला लागली.

थोड्या वेळानं मी गॅलरीत गेलो. टेम्पो निघत होता. फळीवरून मेंढरांची तोंडं बाहेर आली होती आणि प्रत्येकीच्या उजव्या कानाला एक खाच होती.

दुपारी पुढच्या अंगणात बेचाळीस इंचांचं खोकं उतरलं. दत्तानं हाक मारली, "परभणी, धर जरा एक बाजू." मी धरली. आत चुलीपाशी रंजना भिंतीला टेकून बसली होती. डावा हात उजव्या हातानं धरलेला, आणि कोपराखाली जिथे हात सरळ असतो तिथे तो वाकलेला. मी टीव्ही लावला. वाहिन्या लावून दिल्या. चित्र छान आलं. नीलेश मागून आला, त्यानं एकदा रंजनाकडे बघितलं, तिला मोटरसायकलवर बसवलं आणि दवाखान्यात घेऊन गेला. तिच्या हाताला प्लास्टर घालून आणलं.

कोंडाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ओरडाआरडा होईल, कुऱ्हाड निघेल, म्हणून आम्ही सगळे दारं लावून बसलो होतो. तसं काही झालं नाही. ती आधी कुंपणात गेली. उरलेल्या मेंढरांच्या कानांवरून तिनं एकेक करून हात फिरवला. मग रंजनासमोर येऊन बसली, प्लास्टरवर हात ठेवला.

"वरडली न्हाईस?"

"वरडले की, आत्याबाई. लई वरडले."

कोंडाबाईनं मान वर केली आणि आमच्या दहा दारांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं हाक मारली, अगदी साध्या आवाजात. "परभणी, अकोला, नांदेड, जळगाव. समदे खाली या. टीव्ही बगाया या."

आम्ही गेलो. न जायची कुणाची छाती नव्हती. दत्ता खाटेवर बसला होता, पडद्यावर सामना चालू होता. कोंडाबाई त्याच्याशेजारी बसली आणि खरोखरच बघायला लागली.

"लई मोटा हाय," ती म्हणाली.

"बेचाळीस इंच." दत्ता कसनुसा हसला. "आई, आगं ती मेंढरं आजारीच व्हती..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. तिनं वाकून त्याचा घोटा धरला आणि हिसका दिला. खाटेच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं आणि तो फरशीवर कुशीवर पडला. गुडघा मानेवर. पायांना दोरीचे दोन वेढे. तो तिच्या दुप्पट वजनाचा होता, झटका दिला असता तर ती भिंतीवर जाऊन पडली असती. पण आडवं पडलेलं मेंढरू जसं धडपडत नाही, तसाच तो निपचित पडून राहिला. कातर तिच्या कमरेला खोचलेली होती. तिनं त्याचा उजवा कान बोटांत ताणला.

कच्.

फरशीवर रक्त पसरलं आणि मग त्याचा आवाज फुटला. जळगाव तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला. दत्ता गुरासारखा ओरडत होता. कोंडाबाईनं आमच्याकडे बघितलं.

"टीव्हीचा आवाज वाडवा कुनीतरी," ती म्हणाली. "तुमाला सवय हाय."

कुणी हललं नाही. तिनं पदराच्या गाठीतून हळद-राख काढून जखमेवर दाबली. "दुकतं की," ती दत्ताला म्हणाली, जवळजवळ मायेनं. "त्याबिगर ध्यानात ऱ्हायाचं न्हाई." मग ती उठली आणि रंजनाकडे वळली. "रंजे, खूण तुजी हाय. ठिवायचं का सोडायचं, तू बग."

आम्हाला वाटलं, आता टीव्ही फुटणार. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती आमच्या रांगेपाशी आली. नांदेडच्या तोंडात मारली. जळगावला बाहेरून आणवून मारली. नीलेशसमोर थांबली.

"तू नेलंस हिला दवाखान्यात?"

"हो."

"उशिरा नेलंस." आणि त्यालाही सणसणीत लगावली. तो रडायला लागला, आणि मला त्याचा हेवा वाटला.

मग माझी पाळी आली. तिच्या बोटांना रक्त होतं.

"परभणी. तुला ऐकू आलं व्हतं?"

खरं एका शब्दात सांगता आलं असतं. मी म्हणालो, "टीव्ही चालू होता."

तिचा हात वर गेला. मी डोळे मिटले. गाल आपोआप पुढे केला, हे मला चांगलं आठवतं. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ती कातर पदराला पुसत होती, आधी एक पातं, मग दुसरं.

"जा," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत ती उरलेली मेंढरं आणि सुनेला घेऊन मालेला भावाच्या रानात राहायला गेली. खोल्या दत्ताकडे राहिल्या, टीव्हीही. पुढे त्यानं भर उन्हाळ्यात कानटोपी घालायला सुरुवात केली. नवे भाडेकरू हसायचे. रंजनानं त्याला ठेवलाही नव्हता आणि सोडलाही नव्हता. नुसता तिथे टाकून ती गेली होती. मी दोन महिन्यांनी खोली सोडली. माझी नोकरी शेवटपर्यंत गेली नाही.

२०१० च्या जानेवारीत मंदी सरल्याची खूण म्हणून कंपनीनं पुन्हा सहल काढली. वातानुकूलित बस, मुळशी धरणाच्या कडेला जेवण. पौड मागे पडलं. बसमध्ये मारामारीचा सिनेमा लावला होता, पोरं शिट्ट्या मारत होती. मालेच्या अलीकडे बस थांबली. रस्त्यावर मेंढरं होती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला आणि पुढून ठण्णकन आवाज आला. बॉनेटवर काठी बसली होती. मी खिडकीला चिकटलो.

पुढे रंजना चालत होती. डावा हात किंचित वाकडा, आणि त्या हाताच्या कवेत एक कोकरू. मागे कळप, पूर्वीपेक्षा मोठा. निम्म्याहून अधिक उजवे कान खाचेचे, त्यांतल्या काहींच्या डाव्या कानाला जुन्या दोन खाचाही होत्या. दत्ता कुठे दिसला नाही. सर्वांत शेवटी कोंडाबाई, तशीच, वाट अडवलेल्या चेहऱ्याची. माझ्या खिडकीखाली आली आणि वर बघून थांबली.

तिनं मला ओळखलं. तिचे ओठ हलले. दोन-तीनच शब्द असतील. मग ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी खिडकी उघडायला गेलो, ती उघडणारी नव्हती. मी काचेवर हात आपटला, कानाला हात लावून खुणा केल्या. ती बघत होती. मग तिनं मान हलवली आणि मेंढरांमागे निघून गेली.

शेजारच्यानं विचारलं, "कोण रे? काय म्हणत होती?"

मी म्हणालो, माहीत नाही. टीव्ही चालू होता.